केळ्यांच्या खोलीत तोंडी परीक्षा

उष्णता हा माझा विषय आहे. हे मी फुशारकीने नव्हे, तर माहितीदाखल सांगतो. धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतल्यानंतर अमळनेरच्या एका तेलगिरणीत मी चौतीस वर्षे देखभाल विभाग सांभाळला. माझ्या हाताखाली लहानमोठ्या एकशे बारा मोटारी होत्या आणि त्यांपैकी एकही माझ्या पाळीत जळाली नाही. पद्धत साधी होती. मोटारीच्या अंगावर तळहात ठेवायचा आणि मनात आकडे मोजायचे. दहापर्यंत हात टिकला तर मोटार निरोगी. पाचाला उचलावा लागला तर बेअरिंग पाहा. दोनाला उचलावा लागला तर आधी मेन स्विच बंद करा आणि मग साहेबांना कळवा.

म्हणून माझ्या पत्नीचा नवा टॅब तापू लागला तेव्हा सबंध फैजपुरात आनंद झालेला मी एकटाच माणूस असेन.

टॅब आमच्या मुलीने, स्नेहलने, धुळ्याहून पाठवला होता. रत्नाने, म्हणजे माझ्या पत्नीने, पाली भाषेच्या प्रमाणपत्र वर्गात नाव घातले होते. वर्ग दर रविवारी टॅबवर भरे. त्रेसष्टाव्या वर्षी ती चष्मा पुसून, वही उघडून, शाळेतल्यासारखी पाठ ताठ ठेवून त्याच्यासमोर बसे. शाळा तिची सातवीत सुटली होती. आई आजारी पडली, धाकटी भावंडे अंगावर आली आणि दप्तर खुंटीला गेले ते गेलेच. पन्नास वर्षांनी तिची पहिली परीक्षा अकरा मे रोजी सकाळी अकरा वाजता होती. तोंडी परीक्षा, टॅबवर, समोर परीक्षक. सूचनापत्रात ठळक छापले होते की तोंडी परीक्षेला गैरहजर राहणाऱ्यास संपूर्ण वर्ग पहिल्यापासून करावा लागेल.

आणि परीक्षेच्या दोन आठवडे आधीच्या रविवारी, वर्ग चालू असताना, टॅबवर 'यंत्र थंड होऊ द्या' अशी सूचना आली आणि पडदा काळा झाला. रत्ना त्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

"आत्ताच माझं नाव पुकारलं होतं हो," ती म्हणाली.

मी टॅबच्या पाठीवर तळहात ठेवला. सहाला उचलावा लागला.

"तू काळजी करू नकोस," मी म्हणालो. "हे काम आता माझ्याकडे आलं."

"तीच तर काळजी आहे," रत्ना म्हणाली.

कोणत्याही दोषाच्या निवारणाची पहिली पायरी म्हणजे मोजमाप. तळहात अनुभवी असला तरी कागदावर लिहिता येत नाही. म्हणून मी टॅबमध्ये तापमान मोजणारे एक अ‍ॅप घेतले. त्याने एकेचाळीस अंश सांगितले. खात्रीसाठी दुसरे घेतले, तर त्याने अडतीस सांगितले. दोन साक्षीदारांत मतभेद असतील तर तिसरा हवा, म्हणून तिसरे घेतले. ते आकडा सांगण्याऐवजी ज्वाळेचे चित्र दाखवत असे. मग चौथे घेतले. चौघांची सरासरी काढून मी दर अर्ध्या तासाने आलेखाच्या कागदावर बिंदू देऊ लागलो. आकडे लांबूनही वाचता यावेत म्हणून पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला आणि पडदा मिटू नये अशी व्यवस्था केली. चारही अ‍ॅप दिवसभर चालू ठेवली, कारण सातत्याशिवाय निरीक्षणाला अर्थ नाही.

चाचणी चालू असल्याने रत्नाला टॅब मिळत नसे. ती वहीवर अभ्यास करू लागली.

"परीक्षा माझी आहे का त्याची?" तिने तिसऱ्या दिवशी विचारले.

"आधी त्याची," मी म्हणालो. "तो पास झाला तरच तुझी."

नंतर उपाययोजना सुरू केली. टॅबला ओले फडके गुंडाळून तो माठाच्या झाकणावर ठेवला. तापमान उतरले, पण संध्याकाळी चार्जिंग लावल्यावर 'ओलावा आढळला' अशी सूचना आली आणि चार्जिंग होईना. ओलावा जावा म्हणून उन्हात ठेवला. ओलावा गेला आणि टॅब तव्यासारखा झाला. तो उतरवण्यासाठी फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या जुडीशेजारी ठेवला. बाहेर काढताच त्याच्या अंगावर दव जमले आणि पुन्हा ओलाव्याची सूचना आली. हे चक्र दोन दिवस चालले. आलेखाला फारच सुंदर लाटा आल्या.

स्नेहलचा फोन आला तेव्हा मी तिला त्या लाटांचे वर्णन करून सांगितले.

"बाबा, त्याला काही करू नका," ती म्हणाली. "नवीन आहे. पहिले काही दिवस आतली कामं चालतात, म्हणून तापतो. कव्हर काढा आणि राहू द्या."

"काहीच न करणं ही पद्धत नसते, स्नेहल."

"आईला देऊन टाका ना मग. ती वापरेल तशी वापरेल."

"सुधारलेला देईन," मी म्हणालो.

अकरा मे जवळ आला. फैजपूरचा पारा चव्वेचाळीसला टेकला होता. टॅबला दोष देण्यात काही अर्थ नव्हता; बाहेरची हवाच एवढी तापलेली असताना तो उष्णता टाकणार कुठे? यंत्र बदलता येत नसेल तर परिसर बदलावा, हे तत्त्व मी गिरणीत अनेकदा वापरले आहे. फैजपुरात मे महिन्यात थंड परिसर कुठे, याचा विचार करताना मला हारुन आठवला.

हारुन आमच्या गल्लीच्या टोकाला राहतो. त्याचे केळी पिकवण्याचे चेंबर आहे. हिरवी केळी क्रेटमध्ये भरून बंद खोलीत ठेवायची, एक दिवस गॅस द्यायचा, मग हवा बदलायची आणि सतरा अंशांवर तीनचार दिवस हळूहळू पिवळी होऊ द्यायची, असे त्याचे काम. सतरा अंश हा आकडा ऐकूनच माझे मन निवले.

"जयभीम नाना," हारुन म्हणाला. "सकाळी सकाळी?"

"सलाम. तुझी एक खोली पाहिजे. अकरा तारखेला, एक तास."

मी त्याला सर्व सविस्तर समजावले. त्याने शांतपणे ऐकले. हारुनच्या व्यवसायात घाई करून चालत नाही, म्हणून त्याला ऐकण्याची सवय आहे.

"भाभीची परीक्षा म्हटल्यावर नाही कसं म्हणणार," तो म्हणाला. "तीन नंबरची खोली घ्या. तिच्यातला गॅस होऊन गेला, हवा बदलून झाली. फक्त दार लावलेलं ठेवा. माल उद्याचा आहे."

दहा तारखेला मी पूर्वचाचणी घेतली. टॅब घेऊन तीन नंबरच्या खोलीत एक तास बसलो. दोन्ही बाजूंना छपरापर्यंत क्रेट आणि वर पंखे फिरत होते. भिंती उत्तम प्रतीच्या. बाहेरून पत्रा, आतून पत्रा, मध्ये फोम. मी बोटाने वाजवूनही पाहिल्या. चारही अ‍ॅपची सरासरी तेवीस अंश आली. माल चढवणारा छगन दारातून डोकावून गेला, त्यालाही मी विचारले, "थंड आहे ना रे?" तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, "एकदम थंड शे, नाना." आलेखाखाली मी दोन रेघा मारल्या. तंत्रनिकेतनात उत्तर संपले की अशाच दोन रेघा मारायची शिस्त होती.

अकरा तारखेला सकाळी दहा वाजता आम्ही निघालो. मी टॅब, आलेखाची वही आणि ओले फडके घेतले होते. रत्नाने पांढरी साडी नेसली होती आणि हातावर अमळनेरच्या दिवसांतला लोकरीचा स्वेटर होता. चव्वेचाळीस अंशांत स्वेटर घेऊन चाललेली बाई पाहून शेजारच्या कुंदाबाई ओट्यावरून उठून उभ्या राहिल्या.

"काय हो रत्नाबाई, कुठं निघाल्या?"

"परीक्षेला."

"कुठं, काश्मीरला?"

"हारुनभाईंच्या केळ्यांत," रत्ना म्हणाली आणि पुढे चालू लागली. कुंदाबाईंना एवढ्यावर सोडून जाणे मला प्रशस्त वाटेना, पण वेळ नव्हता.

साडेदहाला रत्ना तीन नंबरच्या खोलीत क्रेट उलटा घालून बसली. स्वेटरची सगळी बटणे लावली. समोर दुसऱ्या क्रेटवर टॅब उभा केला. दार लावले. ती ओठांतल्या ओठांत काही म्हणत होती. मी तापमान पाहिले आणि समाधानाने वहीत लिहिले. पावणेअकराला तिने परीक्षेची खूण दाबली.

"अहो, मध्ये नुसतं चाक फिरतंय."

"फिरू दे. थंड आहे ना?"

"थंड आहे. पण चाकच फिरतंय."

मी टॅब उंच धरला, खाली धरला, क्रेटवर चढून पंख्याजवळ धरला. चाक फिरतच राहिले. दार उघडून छगनला हाक मारली.

"काय व्हयनं, नाना?"

"टॅब चालत नाही."

"आठे कसा चाली? बठ्ठा पत्रा शे. रेंज भेटत नई. आम्ही बी फोन करासाठे बाहेरच जातस."

मी भिंतीकडे पाहिले. बाहेरून पत्रा, आतून पत्रा. धातूच्या बंद पेटीत रेडिओलहरी शिरत नाहीत, हे मी एकोणिसाव्या वर्षी धुळ्यात आकृतीसह लिहून दहापैकी नऊ गुण मिळवले होते.

"मग काल का नाही सांगितलंस?"

"काल तुम्ही थंड शे का, इतलंच ईचारं."

मी दारच उघडे ठेवून पाहिले. उंबऱ्याजवळ एक रेघ रेंज आली, पण तोवर हारुन धावत आला होता.

"नाना, हात जोडतो, दार उघडं ठेवू नका. गरम हवा आत गेली तर समोरचा सगळा माल उद्यापर्यंत काळा पडेल."

दहा बावन्न झाले होते. रत्ना उठली. स्वेटर काढून तिने केळ्यांवर ठेवला, टॅब माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "हारुनभाई, रेंज कुठं आहे?"

"काट्याच्या शेडमध्ये पूर्ण आहे, भाभी. पण ती उन्हानं नुसती भट्टी झालेली असते."

"असू दे."

काट्याची शेड म्हणजे माल तोलण्याची जागा. तीन बाजूंनी पत्रा, वर पत्रा, एक टेबल आणि एक खुर्ची. आत पाऊल ठेवताच मला तेलगिरणीचा बॉयलर आठवला. रत्ना खुर्चीत बसली. तिने खूण दाबली आणि पडद्यावर परीक्षेऐवजी एक लाल चौकट आली: तुमचे यंत्र तापले आहे, थंड करण्यासाठी येथे दाबा. ती मिटवली तर तिच्याखाली दुसरी. दुसरीखाली ज्वाळेचे चित्र. त्याखाली चौथी. पहिली पुन्हा आली. माझे चारही साक्षीदार एकाच वेळी ओरडत होते.

रत्नाने माझा फोन मागून घेतला आणि स्नेहलला लावला. आवाज मोठा होता, सगळ्यांनाच ऐकू आला.

"आई, चार अ‍ॅप? कुणी टाकली? अगं, ती सतत चालू राहतात, म्हणून तर टॅब तापतोय. काढून टाक सगळी. उजेडही कमी कर. कसं करायचं ते सांगते."

रत्नाने ऐकून घेतले आणि एकेक अ‍ॅप बोटाने दाबून काढले. तेरा दिवस तो ताप मी स्वतःच चढवत होतो आणि स्वतःच मोजत होतो, हे मला तिसरे अ‍ॅप जाताना समजले. ती काही बोलली असती तर बरे झाले असते. ती बोलली नाही, कारण तिला वेळ नव्हता.

अकरा वाजता पडद्यावर परीक्षक बाई आल्या. पांढरे केस, बारीक काड्यांचा चष्मा. त्यांनी नाव विचारले, ओळखपत्र पाहिले आणि म्हणाल्या, "टॅब फिरवून खोली दाखवा."

रत्नाने टॅब फिरवला. त्या फेरीत त्यांना अनुक्रमे वजनकाटा, हारुन, छगन आणि हातात ओले फडके घेऊन टॅबपासून एका फुटावर उभा असलेला मी, असे दिसले.

"हे सगळे कोण?"

"मी परीक्षार्थीचा पती," मी पुढे होऊन सांगितले. "टॅबच्या तापमानाची जबाबदारी माझ्याकडे आहे. तो साधारण पंचवीस मिनिटांनी..."

"परीक्षा आपली आहे का?"

"नाही."

"मग आपण बाहेर जा. परीक्षार्थीने एकट्यानेच असायला हवं. आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावरही कुणी नको."

"पण तो बंद पडला तर?"

"तर त्या सांगतील," बाई म्हणाल्या.

रत्नाने माझ्याकडे पाहिले. मी फडके पुढे केले. तिने मानेनेच नको म्हटले.

आम्ही तिघे बाहेर आलो. आवारात कुठे सावली नव्हती, आणि रत्नाचा आवाज पोहोचणार नाही अशी जागा एकच होती. हारुनने तीन नंबरची खोली उघडली, आम्ही आत गेलो आणि त्याने दार लावले.

मी क्रेटवर बसलो. छगन अंगावर पोते घेऊन उभा राहिला. रत्नाचा स्वेटर केळ्यांवर तसाच होता. वर पंखे फिरत होते. माझ्याजवळ मोजायला काही नव्हते. टॅब तिकडे होता आणि मी इकडे, आणि मध्ये पत्रा, फोम, पत्रा.

"नाना, एक विचारू?" हारुन म्हणाला. "भाभी हे कशासाठी शिकतात, तुम्हाला सांगितलं का?"

"आवड म्हणून," मी म्हणालो. म्हणताना मला जाणवले की हे मी आत्ताच ठरवले आहे. मी कधी विचारले नव्हते. वर्गाची वेळ विचारली होती, तासाला किती डेटा लागतो ते विचारले होते, वही कोणती आणू ते विचारले होते.

"मदिनाला त्या सांगत होत्या," हारुन म्हणाला. मदिना म्हणजे त्याची बायको. "म्हणाल्या, चाळीस वर्षं विहारात पालीतली वंदना म्हणते. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत पाठ आहे. पण कुठला शब्द कुठं संपतो, कशाला काय म्हणायचं, काही कळत नाही. आपण तोंडाने काय बोलतो ते मरायच्या आधी आपल्याला कळलं पाहिजे. मदिनाला ते फार लागलं. तिनंही मौलवीसाहेबांच्या घरच्या बाईंकडं अर्थ शिकायला सुरुवात केली."

चाळीस वर्षे विहारात ती वंदना म्हणत असताना मी तिच्या शेजारीच उभा असतो. मलाही पाठ आहे. कुठला शब्द कुठे संपतो, हे मलाही माहीत नाही, आणि ते मला कधी खटकले नाही.

"लई मोठी गोष्ट शे," छगन पोत्यातून म्हणाला.

"कोणती?"

"जे पाठ शे ते ईचारनं."

बाहेर किती वेळ झाला, हे मी घड्याळात एकदाही पाहिले नाही. गिरणी सोडल्यापासून असे प्रथमच घडले असावे.

दारावर थाप पडली. हारुनने दार उघडले आणि मी बाहेर पाऊल टाकले. थंडीतून उन्हात येताच चष्म्याच्या दोन्ही काचांवर वाफ धरली. समोर रत्ना होती, एवढे कळत होते. चेहरा मात्र दिसत नव्हता. आत बसून मी एक प्रश्न नीट जुळवून ठेवला होता. परीक्षा कशी झाली, असा. चौतीस वर्षांच्या सवयीने तोंडातून निघाले, "किती तापला?"

"कोण?"

"टॅब."

"बघितलं नाही," रत्ना म्हणाली. "मी बोलत होते."

माझ्या मागून हारुन म्हणाला, "भाभी, कशी झाली परीक्षा?"

मग ती हारुनकडे वळली आणि मी काचा पुसेपर्यंत सगळे त्याला सांगू लागली. पहिल्या प्रश्नाला जीभ कशी चिकटली. दुसऱ्याला कशी सुटली. नामाची रूपे विचारली ती सगळी आली, एक चुकले, पण तिने स्वतःच सुधारले. "मग बाई म्हणाल्या, तुमच्या घरच्या बोलीत अजून वापरतात असा एखादा पाली शब्द सांगा. मी म्हटलं, उण्ह. म्हणजे गरम. आमच्याकडं आंघोळीला उनं पाणी म्हणतात."

"आमनाकडे बी उनं पानीच म्हंतस," छगन आश्चर्याने म्हणाला.

"बाई म्हणाल्या, बरोबर, पण एवढं पटकन कसं सुचलं? मी म्हटलं, तेरा दिवस घरात दुसरा विषयच नाही." रत्ना हसली. काचा आता स्वच्छ होत्या आणि ते हसणे मला पूर्ण दिसले. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "पास म्हणाल्या, हारुनभाई. आत्ताच सांगून टाकलं. आणि म्हणाल्या, त्या तिघांना कुठं ठेवलं असेल तिथून बाहेर काढा."

हारुनने आतून एक पिकलेली फणी आणून तिच्या हातात दिली. छगनने स्वेटर आणला. मी उभाच होतो. ओले फडके केव्हाच वाळले होते.

घरी जाताना रस्त्यात रत्नाने टॅब माझ्यापुढे धरला.

"घ्या. माझं झालं. आता तापवा किती तापवायचा तो."

"नको," मी म्हणालो. "रविवारी तुझा वर्ग असेल ना?"

"असेल."

"वंदनेतले शब्द मला सांगशील? कुठला कुठे संपतो ते."

"सांगेन," ती म्हणाली. "पण वही घेऊन बसायचं नाही. रेघा मारायच्या नाहीत."

मी कबूल केले आणि टॅब तिच्यासाठी पिशवीत ठेवला. त्याला हात लावून पाहिला नाही.

खरे सांगायचे तर ठेवता ठेवता एकदा पाहिला. कोमट होता.